खिळ्यावरच्या बांगड्या

शेवगावच्या आमच्या ऑफिसात भिंतीला एक दार टेकवून उभं केलेलं होतं. खरोखरचं दार, शेजारच्या घराचं काढून टाकलेलं, एका कडेने वाळवीने खाल्लेलं. त्यावर मी ओळीने खिळे ठोकले होते आणि प्रत्येक खिळ्याखाली खडूने एकेका गावाचं नाव लिहिलं होतं. खिळ्यांवर बांगड्या अडकवलेल्या असत. प्लॅस्टिकच्या, हिरव्या, पिवळ्या आणि लाल. नवा माणूस आत आला की आधी त्या दाराकडे बघे आणि मग माझ्याकडे. एका पाहुण्याने तर तुम्ही कासारकाम करता का म्हणून सरळ विचारलं होतं. मी त्यांना खुर्चीत बसवलं, चहा पाजला आणि त्यांची गाडी चुकेपर्यंत त्या दाराचं माहात्म्य ऐकवलं. ते परत कधी आले नाहीत.

ही नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. दसरा झाला की पाथर्डी-शेवगावकडची घरंच्या घरं ऊसतोडीला निघत. दाराला कुलूप, ट्रकमध्ये भांडीकुंडी, वर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या शेजारी पोरं. पोरांची शाळा तिथेच सुटायची. आमची संस्था लहानशी होती, पण तिने एक काम धरलं होतं. टोळी जिथे उतरेल तिथेच, उसाच्या पाचटाच्या झोपड्यांच्या तळावर, शाळा भरवायची. या झोपड्यांना कोपी म्हणतात. आमच्या शिक्षिकाही कोपीतच राहत, एखाद्या बऱ्या कुटुंबाच्या शेजारी. त्या बहुतेक त्याच भागातल्या मुली. त्यांच्यावर देखरेख ठेवायचं काम माझं होतं, आणि देखरेख ठेवायची म्हणजे आधी त्या आहेत कुठे ते मला कळायला हवं ना.

तेच कळायचं नाही. टोळी एका फडातला ऊस संपला की पुढे सरकायची. शिक्षिका तिच्याबरोबर. आमच्या ऑफिसात फोन नव्हता, शेजारच्या मेडिकलवाल्याकडे होता, पण तळावर कुठला फोन? निरोप यायचे ते एस.टी.च्या कंडक्टरकडून, जीपवाल्यांकडून, मुकादमाच्या भावाकडून. चिठ्ठ्या यायच्या त्या घामाने विरघळून. एका शिक्षिकेला पाट्या हव्या होत्या त्या दुसरीकडे पोचल्या, दुसरीकडे आधीच पाट्यांचा ढीग होता. मी सगळं डोक्यात ठेवायला बघत होते आणि माझं डोकं काही तेवढं मोठं नव्हतं. त्या दिवसांत मी सगळ्यांवर खेकसायची. घरी गेल्यावर नवऱ्यावरही.

एकदा कामासाठी नगरला एका लॉजवर उतरले होते. काउंटरच्या मागे खिळ्यांवर किल्ल्या टांगलेल्या. किल्ली आहे म्हणजे खोलीत कुणी नाही, किल्ली नाही म्हणजे माणूस आत. मॅनेजर मान वळवून एकदा बघायचा आणि त्याला सगळा लॉज कळायचा. मी तिथे उभी राहून बघतच राहिले. त्या माणसाला वाटलं मला खोली पसंत नाही.

परत येऊन दार मिळवलं, खिळे ठोकले. आधी रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे लावले, ते पंख्याच्या वाऱ्याने उडून जायचे. मग बाजारातल्या कासाराकडे प्लॅस्टिकच्या बांगड्या दिसल्या. त्या घेतल्या आणि प्रत्येक शिक्षिकेलाही तशाच बांगड्या दिल्या. हिरवी म्हणजे शाळा चालू, सगळं ठीक. पिवळी म्हणजे काही सामान पाहिजे, काय ते सोबतच्या माणसाला सांगते आहे. लाल म्हणजे तातडी, असशील तशी निघून ये. ही लाल दोन्हीकडून चालायची, तिने पाठवली तर मी जायचं आणि मी पाठवली तर तिने यायचं. टोळी हलली की शिक्षिकेने आपली हिरवी बांगडी परत पाठवायची आणि आम्ही तिचा खिळा रिकामा ठेवायचा, नवं ठिकाण कळेपर्यंत.

गंमत अशी की चिठ्ठी हरवणारी माणसं बांगडी हरवत नव्हती. कंडक्टर ती तिकिटांच्या पेटीच्या कडीत अडकवायचा, जीपवाला गिअरच्या दांड्यात घालायचा. बांगडी कुणी रस्त्यावर फेकून देत नाही. देणारी कुणाची तरी मुलगी-सून आहे एवढं त्याला त्या बांगडीकडे बघून आठवत असणार. सामान वेळेवर पोचायला लागलं. मी सकाळी आल्याबरोबर कंबरेवर हात ठेवून त्या दारासमोर उभी राहायची आणि मला दक्षिणोत्तर सगळा जिल्हा दिसायचा. खेकसणं बरंच कमी झालं, असं नवरा म्हणाला.

ऑफिसात एक आक्का होत्या. झाडलोट, चहा, आलेल्याची विचारपूस आणि मी फिरतीवर असले की दाराची व्यवस्था, हे सगळं त्या बघायच्या. जुन्या वळणाच्या. एखादी प्लॅस्टिकची बांगडी तडकली तरी ‘फुटली’ म्हणायच्या नाहीत, ‘वाढवली’ म्हणायच्या. मला हसू यायचं. आमच्या घरात बांगड्यांचं एवढं कधी नव्हतं. आई मिशनच्या शाळेत शिक्षिका, एका हातात घड्याळ आणि दुसरा हात तसाच. रविवारी चर्चला जाताना तेवढ्या दोन काचेच्या. त्यामुळे रिकामा खिळा म्हणजे मला नुसता रिकामा खिळा दिसायचा.

बेलापूरच्या बाजूला आमची एक शिक्षिका होती. पाथर्डी तालुक्यातली, डी.एड. झालेली, लग्न व्हायचं होतं. आईबाप दोघं दुसऱ्या टोळीबरोबर लांब कोल्हापूरकडे ऊस तोडायला गेलेले. ही लहानपणी त्यांच्याबरोबर फडाफडांतून फिरलेली आणि तरी कशी कोण जाणे शिकलेली. जिल्हा परिषदेच्या शिक्षक भरतीसाठी तिने अर्ज केला होता आणि त्याची वाट बघता बघता आमच्याकडे आली होती. बापाने तिला एवढा हंगाम दिला होता. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर हंगाम संपला की लग्न. मुलगाही ठरल्यात जमा होता, तोही तोडणीवालाच. मुकादम आमच्याकडे माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. म्हणजे पुढच्या दसऱ्याला ही डी.एड. झालेली मुलगी अर्धा कोयता होऊन ट्रकमध्ये चढणार होती. बाप काही वाईट माणूस नव्हता. त्याला तेवढंच माहीत होतं. तिला मात्र दुसरंही माहीत होतं, म्हणून ती त्या नोकरीचं नाव फार हळू आवाजात घ्यायची.

संक्रांत उलटून गेली होती. एका मंगळवारी दुपारी तिचा भाऊ ऑफिसात आला. पाथर्डीला कॉलेजात होता, बरोबर बहिणीच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. तो गावी सहज चक्कर मारायला गेला होता. घर बंद, आणि पोस्टमनने दाराच्या फटीतून आत सारलेलं जिल्हा परिषदेचं पत्र उंबऱ्याच्या आत पडलेलं. निवड झाली होती. मूळ कागद घेऊन शुक्रवारी सकाळी नगरला हजर राहायचं होतं. जो येणार नाही त्याच्या जागी यादीतला पुढचा.

‘‘कुठं हाय ती आत्ता?’’ भावाचा आवाज चिरकला होता.

मी त्याला खांद्याला धरून दारासमोर उभं केलं. बेलापूरच्या खिळ्यावर हिरवी बांगडी होती, खरं तर दोन होत्या. ‘‘इथे. शाळा चालू आहे. काही घाबरू नकोस,’’ मी म्हणाले. इतक्या ऐटीत म्हणाले की तो खरंच खुर्चीत बसला आणि आक्कांनी दिलेला चहा प्याला. आक्का मात्र दाराकडे एकदा बघून कप घेऊन आत गेल्या. मला तेव्हा ते जाणवलं नाही. निघताना लाल बांगड्यांचा न फोडलेला पुडा मी पिशवीत टाकला, कारण त्या बाजूच्या शिक्षिकांकडच्या संपल्या होत्या आणि जातेच आहे तर देऊन यावं म्हटलं.

आम्ही नेवाशाला गाडी बदलली, श्रीरामपूरला परत बदलली आणि दिवस कलताना बेलापूरच्या पुढे त्या तळावर पोचलो. तिथे कुणी नव्हतं. कोपींच्या जागी गोल गोल काळे डाग, विझलेल्या चुली, पाचटाचा पसारा, एक फुटकी पाटी. पाटीवर बाराखडीची पहिली ओळ तशीच होती. भावाने ती उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं याने आता मला चांगली शिवी दिली तर बरं होईल.

शेताचा मालक मोटार बंद करायला आला होता, त्याने सांगितलं, ‘‘टोळी गेली की कवाच. तीन बाजूला फुटली म्हनं. काई पल्याड, नदीच्या. बाईचं म्हायीत न्हाई.’’ तीन वाटा, आणि ही कुठल्या वाटेने गेली ते त्याला ठाऊक नव्हतं.

मी गावात येऊन एस.टी.डी. बूथ गाठला आणि मेडिकलवाल्याला फोन लावला. तो आक्कांना बोलवायला गेला तेवढा वेळ मी काचेवर बोटांनी ताशा वाजवत होते.

‘‘आक्का, बेलापूरच्या खिळ्यावर हिरवी कुणी लावली?’’

‘‘म्या लावली.’’

‘‘टोळी हललीय इथली!’’

‘‘हलली हुतीच की. जीपवाला हिरवी माघारी देऊन गेला. तुमी फिरतीवं हुता.’’

‘‘मग खिळा रिकामा ठेवायचा ना! किती वेळा सांगितलंय मी!’’

 मग आक्का म्हणाल्या, ‘‘ताई, पोरीचं लगीन व्हायचंय अजून. तिच्या नावावं मोकळा खिळा ठिवायचा? बघवंना मला. मोकळं मनगट दिसतंय त्ये. म्हून दोन लावल्या. एक तिची, एक माझ्याकडची. दुपारी सांगनार हुते, पर तुमी त्या पोराला इतकं ठासून सांगत हुता...’’

 मी इतक्या जोरात फोन ठेवला की बूथवाल्याने मान वर केली. बाहेर येऊन कट्ट्यावर बसले. राग आक्कांचा होता, त्या जीपवाल्याचा होता, आणि सगळ्यांत जास्त त्या दाराचा, ज्याच्यासमोर मी रोज कंबरेवर हात ठेवून उभी राहत होते. दाराने मला खोटं सांगितलं होतं, आणि तेही दोनदोन बांगड्या घालून. आणि रागाच्या खाली भीती होती. तिचा हंगाम, तिची डी.एड., तिचा तो हळू आवाज, सगळं माझ्या भरवशावर आणि मी इथे रिकाम्या हाताने.

रात्र आम्ही गावातल्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे काढली. त्या आमच्या आईच्या मैत्रीण. त्यांनी जेवायला वाढलं आणि जेवणाआधी नेहमीची प्रार्थना करताना त्या मुलीलाही देवाच्या हाती सोपवलं. मला त्याचा तेव्हा राग आला, कारण ती कुणाच्या हाती आहे हेच तर कळत नव्हतं.

सकाळी आम्ही जवळच्या कारखान्यावर गेलो. शेती विभागात विचारलं. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की टोळीचे तीन तुकडे झालेत हे खरं, पण ते आज या शिवारात तर उद्या त्या, आणि शिक्षिकेची नोंद ते ठेवत नाहीत. का ठेवतील? ती त्यांची नव्हती. बाहेर गाडीतळावर मात्र सगळा मुलूख जमलेला. उसाने भरलेल्या टायरच्या बैलगाड्या वजनकाट्यासाठी रांगेत, लांबच्या लांब. मी आणि भाऊ एकेका गाडीवानाला विचारत फिरलो. एक म्हणाला, पोरं शिकवनारी बाई दिसली हुती बरं का, पर कुठं ते ध्यानात न्हाई. दुसरा म्हणाला, आमच्याकडं न्हाई, पर शेजारच्या तळावं असंल. असा असंल-नसंलचा सगळा कारभार.

मी एका रिकाम्या गाडीच्या सावलीला उभी होते. समोरून गाड्या माल उतरवून परत निघत होत्या, कुठली नदीपलीकडे, कुठली ओढ्याकाठी, कुठली पार वरच्या अंगाला. मी त्या बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी इथे तिला शोधत फिरायची काही गरजच नाही. हे सगळे जिकडे तिकडे जाणारच आहेत. पिशवीत लाल बांगड्यांचा पुडा होता.

मी पुडा फोडला. भाऊ माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. त्याच्या हातात मी अर्ध्या दिल्या आणि आम्ही निघणारी प्रत्येक गाडी अडवायला लागलो. ‘‘दादा, तुमच्या तळावर किंवा वाटेतल्या तळावर पोरं शिकवणारी बाई असेल तर तिला ही द्या. सांगा, ताई कारखान्याच्या गाडीतळावर थांबलीय.’’ चिठ्ठी मागितली असती तर मी ती देणारच नव्हते. चिठ्ठी खिशात जाते आणि खिशातच राहते. पण बांगडी हातात घेऊन गाडीवान करणार काय? पहिल्याने ती इकडे तिकडे बघत सरळ बैलाच्या शिंगात अडकवली. त्याचं बघून मागच्यानेही तेच केलं. मग काय, फॅशनच पडली. डाव्या बैलाच्या शिंगात लाल बांगडी घातलेल्या गाड्या एकामागून एक फाटकातून बाहेर पडायला लागल्या. रस्त्यावरची माणसं थांबून विचारत होती आज कसला सण म्हणून, आणि गाडीवान सांगत होते की मास्तरीणबाईचा निरोप हाय. आता तो निरोप खिशात राहणं शक्यच नव्हतं.

बुधवार असाच गेला. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. आम्ही परत बेलापूरला जेवायला-झोपायला गेलो आणि मी आईच्या त्या मैत्रिणीशी एक अक्षरही बोलले नाही. भाऊ मात्र बोलत होता. तो मला सांगत होता की बहिणीने लहानपणी त्याला फडातच वाचायला शिकवलं, जमिनीवर उसाच्या कांडीने अक्षरं काढून. मी त्याला गप्प बस म्हणाले. मला ते ऐकवत नव्हतं.

गुरुवारी सकाळपासून पुन्हा गाडीतळ. उन्हं वर आली. रांगेत एक गाडी हळूहळू पुढे सरकत होती, पाठीमागे उसाच्या मोळ्यांवर कुणीतरी बसलेलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, म्हणून मला आधी कुणी तोडणीवाली वाटली. मग ती तिथूनच ओरडली, ‘‘ताई!’’

 मी नुसती हात हलवत राहिले. भाऊ मात्र धावत सुटला आणि ती मोळ्यांवरून घसरत खाली आली, हातापायाला पाचटाचे ओरखडे. तिच्या दोन्ही मनगटांत लाल बांगड्या भरलेल्या. जवळजवळच्या तळांवरच्या गाडीवानांनी आपापल्या परीने निरोप पोचवला होता आणि सगळ्यांचा निरोप पोचला होता तिलाच.

‘‘ताई, काय झालं? आईला काय झालं?’’ ती रडायलाच लागली. ‘‘एक लाल आली तवाच निघाले, वाटंत आनखी एक, मंग आनखी एक. मला वाटलं आता संपलं सगळं. सांगा की!’’

‘‘आईला काही झालेलं नाही,’’ मी म्हणाले, ‘‘तुझी निवड झालीय.’’

तिला ते खरंच वाटेना. मग मी तिला दोनदा-तीनदा सांगितलं, पत्र दाखवलं, भावाने पिशवीतले कागद दाखवले. तिने पत्रावरचा वार वाचला आणि विचारलं, ‘‘आज काय वार हाय?’’ गुरुवार म्हणून कळल्यावर ती खाली बसली आणि हसायला लागली. माझा जीव तेव्हा भांड्यात पडला. तीन दिवस माझ्या छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं, आणि मलाही रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. गाडीवानांना वाटलं कुणीतरी गेलं. एकजण आपल्या गाडीतून पाण्याची कळशी घेऊन आला.

तिने सांगितलं की नदीपलीकडे पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने नवं ठिकाण एका ट्रकवाल्याकडून सांगून पाठवलं होतं. तो निरोप आम्हाला कधी मिळाला नाही, मिळण्याचं कारणही नव्हतं. बांगडी तिच्याकडे उरली नव्हती म्हणून तिने नुसतं तोंडी सांगितलं होतं. बाकी शाळा चालू होती. नव्या तळावरही पोरं जमली होती. तेवढं सांगून ती पुन्हा पत्र वाचायला लागली.

संध्याकाळी श्रीरामपूरहून नगरची गाडी धरली. माझ्या बॅगेत एक जादा साडी होती ती तिला नेसवली. मी तिच्यापेक्षा चांगली उंच, त्यामुळे कमरेला इतक्या चुण्या खोचाव्या लागल्या की ती म्हणाली, ‘‘ताई, लुगड्यात मी हाय का नुसतं लुगडंच हाय?’’ गाडीत ती खिडकीशी बसून झोपली. भाऊ कागदांची पिशवी छातीशी धरून बसला होता, कुणी मागितली तरी देणार नाही असा.

शुक्रवारी जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात आम्ही सगळ्यांच्या आधी हजर होतो. मग गर्दी झाली. एकेकाला आत बोलवत होते. तिला बोलावलं तेव्हा ती उठली, साडीच्या चुण्या सावरल्या आणि आत गेली. मी आणि भाऊ भिंतीला टेकून उभे. तो म्हणाला, ‘‘ताई, दाखला राहिला असंल का काई?’’ मी म्हणाले, पिशवी तूच तीन दिवस सांभाळलीस, आता गप्प राहा. मला स्वतःलाही नक्की वाटत नव्हतं. बराच वेळ गेल्यावर ती बाहेर आली. हातात आदेशाचा कागद. पाथर्डी तालुक्यातलंच एक लहान गाव मिळालं होतं, तिच्या गावापासून फार लांब नाही. तिने तो कागद माझ्या हातात दिला आणि वाकायला लागली. मी तिला अर्ध्यात धरलं, कारण त्या साडीत ती खाली गेली असती तर परत वर येणं कठीण होतं.

बसस्टँडसमोर आम्ही मिसळ खाल्ली. तिने दोन प्लेट खाल्ल्या. रुजू व्हायला तिला थोडे दिवस होते, तोवर ती तळावर परत जाऊन पोरांना दुसऱ्या शिक्षिकेच्या हवाली करणार होती. मी तिच्या हातात नवी हिरवी बांगडी घातली आणि बजावलं की आता तळ हलला तर बांगडी पाठव, ट्रकवाल्याकडून तोंडी काही नको. ती म्हणाली, ‘‘व्हय ताई, तुमची बांगडी, तुमचा खिळा,’’ आणि हसली. भाऊ तिथूनच कोल्हापूरच्या गाडीत बसला, आईबापाला सांगायला. पत्त्याचं म्हणाल तर त्याच्याकडे फक्त एका कारखान्याचं नाव होतं.

मी शेवगावला परत आले. आक्का दाराजवळ बसल्या होत्या, पदर तोंडाशी. मी वाटभर जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं बोलायला सुरुवात केली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘लागली का पोरीला नोकरी?’’ लागली म्हटल्यावर त्या उठून चहा करायला गेल्या. बाकीचं बोलणं मी मग चुलीजवळच्या भिंतीला ऐकवलं. चहा पिताना त्या म्हणाल्या, ‘‘रिकामा खिळा न्हाई ठिवनार मी, आधीच सांगते. पर टोळी हलली की निळी लावीन. चालंल का?’’ चाललं. निळ्या बांगड्या मी दुसऱ्याच दिवशी आणल्या. नंतर तीन-चार हंगाम ते दार तसंच चाललं. शिक्षिका वाढल्या, खिळे वाढले आणि एकाही मुलीचा पत्ता आम्हाला पुन्हा हरवला नाही. आता आठवलं की मला त्या दारापेक्षा त्या आक्कांचंच हसू येतं, आणि बरं वाटतं.

भाऊ कोल्हापूरहून परत आला तो शेवगावला उतरूनच पाथर्डीला गेला. दमलेला होता. आईबापांची टोळीही हललेली, तीन कारखाने पालथे घातल्यावर त्याला ते सापडले होते, भर दुपारी, फडात.

‘‘बाप काय म्हणाला?’’ मी विचारलं.

‘‘काई न्हाई. दोनदा विचारलं, खरं का म्हनून.’’

‘‘आणि आई?’’

 ‘‘आयनं कोयता खाली ठिवला अन् तिथंच खाली बसली, फडात. मुकादम वरडला, काय झालं, दुखतंय का म्हनून. तर म्हनली, न्हाई, काई न्हाई दुखत. बसलेय नुसती.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय. दिस मावळंस्तोर बसून ऱ्हायली. बानं एकट्यानं मोळ्या बांधल्या. तिला कुनी उठ म्हनलं न्हाई.’’